झाड लावणे सोपे, तीन उन्हाळे सांभाळणे कठीण

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



'वृक्षारोपण' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना झाली. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार असल्याने घरी बसून वाचणाऱ्यांनाही मी समोर बसलेलेच समजतो. विषय ऐकताच आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, झाले, पुन्हा तेच! दरवर्षी जुलै महिन्यात हा विषय निघतो, भाषणे होतात, रोपाभोवती दहा माणसे उभी राहून फोटो काढतात, आणि दिवाळी उलटली की त्या रोपाची आठवण कोणालाही राहत नाही. आपली ही शंका अगदी रास्त आहे. म्हणूनच 'झाडे लावा' असे सांगण्यासाठी मी उभा नाही. लावलेली झाडे मरतात का आणि ती जगावीत म्हणून आपण काय करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपण ज्या मुलखात राहतो, त्याचे नावच मुळी झाडीपट्टी. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागाला पूर्वापार हे नाव आहे. येथील बोलीला झाडीबोली म्हणतात, येथील नाटकांना झाडीपट्टीची नाटके म्हणतात. गोंदिया हे नाव गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडले, असे जुनी माणसे सांगतात. डिंक, लाख, मोह, चारोळी, तेंदूपत्ता हा सारा येथील झाडांचाच व्यापार. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आपल्या जिल्ह्यात नवेगावबांध आहे, नागझिरा आहे. २०१३ साली या दोन्ही जंगलांचा मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. लांबलांबहून लोक हे जंगल पाहण्यास येतात.

परंतु मित्रांनो, मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता आपल्या गोंदिया शहरातील रस्त्याने चालून पाहा. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात, आणि सावलीसाठी दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहण्याची पाळी! २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १ लाख ३२ हजारांच्या वर होती. त्यानंतर घरे वाढली, दुकाने वाढली, रस्ते रुंद झाले. तिरोडा, आमगाव, गोरेगाव, देवरी येथेही बांधकाम वाढते आहे. झाडीपट्टीच्या नावाने ओळखले जाणारे आपण आपल्याच गल्लीत बिनझाडीचे झालो. जंगल राखण्यासाठी वनखाते आहे. गल्लीतले झाड कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर आपण देत नाही, आणि बहुतेक रोपे तेथेच मरतात.

येथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका शाळेत होतो. मोठ्या उत्साहाने आम्ही पन्नास रोपे लावली. खड्डे मुलांनी खोदले, पाहुणे आले, फोटो वर्तमानपत्रात आला. पुढच्या वर्षी पुन्हा जुलै आला, पुन्हा रोपे आली. तेव्हा सहावीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, मागच्या वर्षीच्याच खड्ड्यांत लावायची का?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिने अगदी सरळ मनाने विचारले होते. पण मला त्या दिवशी फार लाज वाटली. मी मैदानभर फिरून पाहिले. पन्नासांपैकी चार रोपे जिवंत होती. तीन हातपंपाजवळ होती आणि एक पोषण आहाराच्या खोलीमागे, जेथे ताई भांडी धूत असत तेथे. म्हणजे आम्ही सांभाळलेले एकही रोप जगले नव्हते. जी जगली ती सांडपाण्यावर जगली. त्या चार रोपांनी मला जे शिकवले ते बी.एड.च्या पुस्तकात नव्हते.

आपल्या जिल्ह्याला पावसाची कमतरता नाही. वर्षाला बारा-तेराशे मिलिमीटर पाऊस येथे पडतो. परंतु तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. हे ओळखूनच आपल्या पूर्वजांनी ठिकठिकाणी तलाव आणि बोड्या बांधल्या. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते याच शहाणपणाची साक्ष आहेत. चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरवायचे, हे शेतकऱ्याला कळते. जुलैत लावलेले रोप सप्टेंबरपर्यंत टवटवीत दिसते, म्हणून आपल्याला वाटते की ते लागले. वास्तविक त्याची मुळे अजून वीतभर खोलीवरच असतात. पुढे जमीन वरून सुकत जाते आणि मार्च-एप्रिलात ते रोप उभ्याउभ्या जळते. मुळे खोल ओलीपर्यंत पोचण्यास साधारणपणे तीन वर्षे लागतात. म्हणून मी म्हणतो की, रोपाला तीन उन्हाळे पार करून द्यावे लागतात. त्यानंतर ते स्वतःच्या पायावर उभे राहते आणि पुढची पन्नास वर्षे आपल्याकडे काही मागत नाही.

याचा हिशेब फार अवघड नाही. पंधरा फेब्रुवारीपासून पंधरा जूनपर्यंत १२० दिवस होतात. दर तिसऱ्या दिवशी एक बादली पाणी, म्हणजे ४० बादल्या. पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत आठवड्याला एक बादली धरली तर आणखी सुमारे वीस. एका वर्षाला ६० बादल्या, तीन वर्षांच्या १८०. एका झाडाची किंमत १८० बादल्या पाणी! आणि तेही स्वच्छ पिण्याचेच पाहिजे असे नाही. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी चालते. आपण गोंदियाकर तर तांदळाचेच लोक. प्रत्येक घरात रोज तांदूळ धुतला जातो आणि ते पाणी नालीत जाते.

आता रोपे मोजण्याच्या आपल्या पद्धतीविषयी थोडे बोलतो. १९५० साली त्या वेळचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा आपण पाळत आलो. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले. एवढी मोठी माणसे आणि एवढी शाळकरी मुले या कामात उतरली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्यांतील जगली किती, हा प्रश्न पुढे विधानसभेतही विचारला गेला. लक्ष्य लावण्याचे असले की लावले जाते. जगवण्याचे लक्ष्य ठेवले तरच जगवले जाते.

आफ्रिकेतील केनिया देशात वांगारी मथाई नावाच्या एका विदुषीने १९७७ साली खेड्यांतील बायकांना बरोबर घेऊन झाडे लावण्याची चळवळ सुरू केली. तेथे बायकांना थोडे मानधन मिळे, पण ते रोप लावल्याबद्दल नव्हे, रोप जगल्याबद्दल. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शेजारच्या कर्नाटकातील तिम्मक्का तर शाळेतही गेल्या नव्हत्या. मूलबाळ नव्हते. पती-पत्नीने मिळून रस्त्याच्या कडेला वडाची रोपे लावली. पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. घागरींनी पाणी घातले, जनावरांनी खाऊ नये म्हणून काटेरी कुंपण केले. लोक त्यांना 'सालुमरद' म्हणू लागले. कन्नडमध्ये याचा अर्थ झाडांची रांग. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाहा, पहिल्या वर्षी फक्त दहा! जेवढ्यांना पाणी घालता येईल तेवढीच त्यांनी लावली. आमच्या शाळेने पन्नास लावली आणि तेथेच चुकलो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू या. विद्यार्थी मित्रांनो, हे वहीत उतरवून घ्या.

पहिली गोष्ट, खड्डा जुलैत खोदू नका, मे महिन्यात खोदा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तो उन्हात चांगला तापू द्या. नंतर वरची चांगली माती आणि कुजलेले शेणखत मिसळून भरा. दुसरी गोष्ट, रोप वीतभर नको. रस्त्याच्या कडेला लावावयाचे असेल तर छातीएवढे उंच, जाड बुंध्याचे रोप घ्या. वनखात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. तिसरी गोष्ट, लावताना प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढा. हे सांगण्याची गरज आहे का, असे वाटेल. पण मेलेली रोपे उपटून पाहा, कित्येकांच्या मुळाशी पिशवी तशीच निघते. चौथी गोष्ट, बकऱ्या. आपल्या मोहल्ल्यांत बकऱ्या असतात आणि बकरीला कोवळा शेंडा फार आवडतो. लोखंडी जाळी महाग पडते आणि चोरीलाही जाते. आपल्याकडे बांबू आहे, बांबूकाम करणारे बुरड कारागीर आहेत. बांबूचे गोल कठडे त्यांच्याकडून करून घ्या. रोपही वाचेल आणि कारागिराच्या हाताला कामही मिळेल. पाचवी गोष्ट, बुंध्याभोवती धानाचे तणस किंवा पाचोळा पसरा, म्हणजे ओल टिकून राहते. तळाला बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात घातलेले जुने मडके रोपाशेजारी पुरले, तर भरलेले पाणी हळूहळू मुळांनाच मिळते.

कोणते झाड कोठे लावावे, याचाही विचार हवा. रुंद रस्त्याला कडुनिंब, करंज, जांभूळ, चिंच. तलावाच्या पाळीवर अर्जुन, जांभूळ. विजेच्या तारांखाली उंच वाढणारे झाड लावू नका, नाहीतर दरवर्षी त्याचा शेंडा छाटला जाईल. तेथे बहावा, आवळा, सीताफळ शोभेल. वड-पिंपळ घराच्या भिंतीला लागून नकोत, त्यांना मोकळे मैदान द्या. गुलमोहर दिसतो सुंदर, पण तो मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात. आपल्या मातीत शेकडो वर्षे वाढलेली झाडे येथील ऊन आणि पाऊस ओळखतात.

उन्हाळ्यात झाडाखाली गार का वाटते? केवळ सावली म्हणून नव्हे. माठातले पाणी जसे झिरपते, त्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि पाणी थंड होते, तसेच झाडाचे पान करते. मुळांनी ओढलेले पाणी पानातून वाफ होऊन जाते आणि भोवतालची हवा निवते. पत्र्याची सावली आणि निंबाची सावली यांत हाच फरक आहे.

हा फरक मी घरी अनुभवला आहे. आमच्या अंगणात दादींच्या लग्नाच्या आधीपासूनचा एक कडुनिंब होता. उन्हाळ्यात दादींची बाज त्याखाली असे. मोहल्ल्यातल्या बायका तांदूळ निवडायला तेथेच जमत. २०११ साली आम्ही पक्की खोली बांधायला काढली. झाड आड येत होते. अब्बांनी मला विचारले, कारण घरात शिकलेला मी. मी म्हणालो, "तोडू या, पानांचा कचराही फार होतो." एका दिवसात झाड गेले. दादी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आपली बाज आत ठेवायला सांगितली. त्या आता हयात नाहीत. त्या खोलीत आज पंखा आहे, कूलर आहे, आणि मे महिन्यात तेथे दुपारी कोणी बसत नाही. थोडे बाजूला सरकून खोली बांधता आली असती. ही गोष्ट मला चार वर्षे उशिरा सुचली.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती, आणि शिकलेल्या माणसाला ती ठाऊक असायला हवी होती. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. नगर परिषदेच्या हद्दीतील झाड, मग ते आपल्या स्वतःच्या अंगणातले का असेना, परवानगीवाचून तोडता येत नाही. झाडांसाठी वृक्ष प्राधिकरण असते, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी असे कायदा सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानले गेले. असे झाड तोडण्याची वेळ आलीच, तर जेवढे त्याचे वय तेवढी नवी रोपे लावावी लागतात. आमचा निंब साठीच्या पुढचा होता. आज हिशेब केला तर माझ्यावर साठांहून अधिक रोपांचे कर्ज आहे. पालकांनो, आपल्या गल्लीत जुने झाड तुटताना दिसले तर भांडण करू नका, परवानगी आहे का एवढे विचारा आणि नगर परिषदेकडे लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

तसेच उभ्या झाडाचा गळा आवळू नका. रस्ता किंवा अंगण पक्के करताना आपण बुंध्यापर्यंत सिमेंट ओततो. मग मुळांना पाणी आणि हवा मिळायची कोठून? २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या दारातले काँक्रीट फोडायला न्यायाधिकरण येण्याची वाट का पाहावी? झाडाला खिळे ठोकून फलक लावणे आणि बुंध्याशी कचरा जाळणे, हेही बंद झाले पाहिजे.

झाड राखण्याची शिकवण आपल्याला नवीन नाही. मराठी राज्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावले आहे की, रयतेने झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती बळाने तोडू नयेत. आणि आपल्या घरात लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत की, एखाद्याने झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो. मग रोप लावून त्याला उन्हात मरू देणाऱ्याने काय केले, याचा ज्याने त्याने विचार करावा. मशिदीत वुजूचे पाणी दिवसातून पाच वेळा वाहते. त्यात साबण नसतो. एक छोटी नाली काढून ते झाडांकडे वळवले तर आठ-दहा झाडे कोणीही बादली न उचलता जगतील. कब्रस्तानात मोकळी जागा असते आणि कुंपणही असते. जबाबदार मंडळींनी यावर अवश्य विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

शेवटी एक छोटी योजना मांडतो. येत्या जुलैत आपण शंभर रोपे लावू नयेत. प्रत्येक वर्गाने फक्त दोन रोपे घ्यावीत. एका जाड वहीत त्यांची नोंद व्हावी. कोणते रोप, कोठे लावले, त्या महिन्यात पाणी कोणाकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते आणि नेमके तेव्हाच रोप मरते. म्हणून सुट्टीतील पाळी शाळेजवळ राहणाऱ्या पालकांनी वाटून घ्यावी. येथे मला आपले सहकार्य हवे आहे, कारण मुले मामाच्या गावी जातात. आणि पुढच्या वर्षी याच स्मरणिकेत आपण किती लावली हे न छापता किती जगली हे छापावे. आकडा लहान आला तरी छापावा. दुसऱ्या वर्षीही छापावा, तिसऱ्या वर्षीही.

विद्यार्थी मित्रांनो, मला सहावीतल्या त्या मुलीने प्रश्न विचारला, त्याला आता बरीच वर्षे झाली. मी तिला त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नव्हतो. पुढच्या जुलैत तुमच्यापैकी कोणी मला विचारले की, "सर, नवी रोपे कोठे लावायची?", तर मला म्हणता आले पाहिजे, "नवीन खड्डे खोदा. जुने भरलेले आहेत."